यंत्र अडलें तर दोष कोणाचा?

आपलें नगर हें यंत्रांना नवखें गांव नव्हे. येथील विणकरांचे माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनच्या सर डी. एम. पेटिट उद्योगशाळेंत मुलें सुतारकाम व धातुकाम शिकूं लागलीं; विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं हातमागांत सुधारणा करून कापड अधिक त्वरेनें निघावें असा माग येथेंच सिद्ध केला. १९७२ सालीं कायनेटिक कंपनीची लुना रस्त्यावर आली आणि नगरचें नांव घरोघर गेलें. आज नागापूरच्या व सुप्याच्या औद्योगिक वसाहतींत संगणकाच्या हुकुमानें चालणारीं यंत्रें लोखंड कापीत आहेत. २०२४ सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. परंतु हातीं हत्यार धरण्याची येथील संवय जुनीच आहे.

आतां तींच यंत्रें लहान रूप घेऊन घरांत व शाळेंत येऊं लागलीं आहेत. टेबलावर मावेल एवढें सी. एन. सी. यंत्र लांकडावर नांव कोरतें, पितळेच्या पत्र्यावर नक्षी काढतें, ॲक्रिलिकचे तुकडे कापतें. पुष्कळ विद्यार्थी सुटे भाग आणून तें स्वतः जुळवितात, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. परंतु काम अर्ध्यावर आलें असतां यंत्र एकाएकीं थांबतें, किंवा रेषा सोडून भलतीकडे जातें, आणि मग बहुतेक सर्वांच्या मुखांतून एकच वाक्य निघतें: “सॉफ्टवेअर खराब आहे.” या वाक्याविषयीं चार शब्द लिहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे. माझें मत असें कीं, हें वाक्य बहुधा तपासाच्या शेवटीं नव्हे, तर तपास टाळण्यासाठीं उच्चारिलें जातें. आणि दोषाचा धीरानें शोध करणें ही जी विद्या, तिला आपल्या शाळांत व घरांत अद्याप योग्य मान मिळालेला नाहीं.

प्रथम या यंत्राची रचना समजून घेऊं. आपण काढलेलें चित्र संगणक हुकुमांच्या ओळींत रूपांतरित करितो. अमुक ठिकाणीं जा, इतक्या वेगानें जा, इतकें खोल उतर, अशा त्या ओळी असतात. त्यांस जी-कोड म्हणतात. या ओळी केबलीवाटे एका लहान नियंत्रकाकडे जातात. नियंत्रक प्रत्येक ओळीचे विजेचे सूक्ष्म ठोके करितो, आणि प्रत्येक ठोक्यास स्टेपर मोटर एक पाऊल फिरते. साधारण स्टेपर मोटरीच्या एका फेऱ्यांत अशीं २०० पाउलें असतात. ड्रायव्हरनें प्रत्येक पावलाचे आठ भाग केले व मोटरीच्या एका फेऱ्यास स्क्रूनें यंत्र ८ मिलिमीटर सरकविलें, तर एक मिलिमीटर जाण्यास बरोबर २०० ठोके लागतात.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. फ्रान्स देशांत जाकार यानें १८०४ च्या सुमारास छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेनें मागावर नक्षी विणून दाखविली. कोणता धागा उचलावा हें पुठ्ठ्याचें छिद्र सांगत असे. १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेनें छिद्रित फितीच्या हुकुमानें चालणारें धातु कापण्याचें यंत्र जगापुढें मांडलें. पुढें अमेरिकन सरकारच्या मानकसंस्थेंत जन्मलेल्या नियंत्रक-प्रणालींतून आजचें लिनक्स-सी. एन. सी. वाढलें, आणि २००९ सालीं नॉर्वेंतील सिमेन स्कोग्सरुड यांनीं जीआरबीएल नांवाची लहानशी प्रणाली लिहून ती सर्वांस मोकळी केली. ज्या आर्डुइनो उनो पाटीवर ती चालते तिची स्मृति अवघी २ किलोबाइट आहे. एवढ्याशा स्मृतींत ती तीन दिशांच्या गतींचा हिशेब संभाळते, हें पाहून विद्यार्थ्यांनीं तिला नांवें ठेवण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.

मागावरील नक्षी बिघडली तर जाणता विणकर पहिल्यानेंच पुठ्ठ्याच्या माळेवर ठपका ठेवीत नाहीं. ताण्याचा धागा तुटला आहे काय, ढिला पडला आहे काय, हें तो आधीं पाहतो. तोच क्रम येथें हवा. यंत्र म्हणजे एक सांखळी आहे: फाइल, संगणक, केबल, नियंत्रक, ड्रायव्हर, मोटर, पुली, स्क्रू आणि शेवटीं हत्यार. सांखळीची कोणतीहि कडी निखळली तरी परिणाम एकच दिसतो; काम बिघडतें. म्हणून परिणामावरून लगेच कारण सांगूं नये. आधीं कोणत्या कडीपर्यंत सर्व ठीक आहे हें ठरवावें.

त्यासाठीं एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. घरगुती यंत्रांतील नियंत्रकास हत्यार खरोखर कोठें आहे हें ठाऊक नसतें. त्यानें किती ठोके दिले एवढेंच तो मोजतो. मोटरीनें ते पाळले कीं नाहीं हें त्यास कोणी सांगत नाहीं. यावरून पहिली परीक्षा निघते. काम बिघडतांच पडद्यावरचे आंकडे पाहावे. पडदाच थिजला असेल, किंवा नियंत्रकाशीं संबंध तुटल्याची सूचना आली असेल, तर दोष संगणक, केबल किंवा वीज यांच्या बाजूस आहे. पडद्यावरचा आंकडा बरोबर आणि हत्यार मात्र भलत्या जागीं असेल, तर हुकूम नीट गेला पण पाळला गेला नाहीं. अशा वेळीं सॉफ्टवेअर काढून पुन्हां बसविणें म्हणजे पाय मुरगळला असतां डोळ्यांत अंजन घालणें होय.

दुसरी परीक्षा पुनरावृत्तीची. तेंच काम पुन्हां चालवावें. बिघाड प्रत्येक वेळीं त्याच ओळीवर येत असेल, तर फाइल तपासावी. चित्रावरून हुकूम तयार करणारीं कांहीं सॉफ्टवेअरें हत्यार बदलण्याचा असा हुकूम घालतात कीं, तो लहान नियंत्रकास मान्य नसतो. कधीं वर्तुळाच्या कंसाचे आंकडे एकमेकांशीं जुळत नाहींत. असा दोष शिस्तीचा असतो. तो ठरल्या वेळीं भेटतो. उलट, बिघाड आज येथें, उद्यां तेथें असा फिरत असेल, तर फाइलीचा दोष मनांतून काढून टाकावा आणि वीज, उष्णता व सैल जोड यांकडे वळावें.

तिसरी परीक्षा हवेंतील. हत्यार लांकडाच्या वर उचलून, स्पिंडल बंद ठेवून, संपूर्ण काम कोरडें चालवावें. मग स्पिंडल चालूं करून पुन्हां हवेंतच चालवावें. पहिल्या खेपेस यंत्र निर्विघ्न चाललें आणि दुसऱ्या खेपेस अडलें, तर स्पिंडलच्या मोटरीची विद्युत्-कटकट केबलींत शिरते, हें जवळजवळ ठरलें. लिमिट स्विचची लांब तार ही कटकट पकडते आणि यंत्र टोंकास न पोंचतांच “टोंक आलें” असा खोटा निरोप देते. नियंत्रक तो खरा मानून सर्व कांहीं थांबवितो. पडद्यावर धोक्याची सूचना झळकते, आणि आपण तिलाच दोषी ठरवितों. वस्तुतः नियंत्रकानें आपलें कर्तव्यच केलेलें असतें. उपाय साधे आहेत: स्विचच्या तारा मोटरीच्या तारांपासून दूर न्याव्या, जाळीचें वेष्टण असलेली केबल घेऊन त्या वेष्टणाचें एकच टोंक अर्थिंगला जोडावें, यू. एस. बी. केबल आंखूड व जाड घ्यावी.

येथें आपल्या जिल्ह्याच्या मातीचाहि संबंध येतो. आपला प्रदेश पर्जन्यछायेंतला. उन्हाळ्यांत मुरमाड जमीन इतकी वाळते कीं अर्थिंगचा खड्डा नांवालाच उरतो. मीठ व कोळसा घालून केलेल्या त्या खड्ड्यांत पाणी घातलें पाहिजे, हें आपल्या वडील माणसांस ठाऊक असतें. परंतु संगणकाच्या बिघाडाशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें घरांत कोणाच्याहि मनांत येत नाहीं. कोरड्या हवेंत लांकडाचा भुसा ओढणाऱ्या प्लास्टिकच्या नळींत स्थिर विद्युत् सांचते, आणि तिची एक ठिणगी यू. एस. बी. चा संबंध तोडण्यास पुरते. शेजारीं विहिरीवरचा पंप सुरू झाला कीं दिवा मंद होतो. त्याच क्षणीं यंत्रहि चुकलें काय, हें पाहावें. जो मुलगा या तीन गोष्टींचा मेळ घालील, त्यास पदार्थविज्ञानाचा धडा निराळा शिकवावा लागणार नाहीं.

चौथी परीक्षा वेगाची. टेबलावर एक खूण करावी. हत्यार तिच्यावर आणून १०० मिलिमीटर पुढें व मागें असें वीस वेळां न्यावें, आणि शेवटीं तें खुणेवर परत येतें काय तें पाहावें. आलें नाहीं, तर वेग व वेगवृद्धि हीं दोन्हीं निम्मीं करून तोच प्रयोग पुन्हां करावा. आतां चूक नाहींशी झाली, तर मोटरीच्या शक्तीबाहेरचें काम आपण तिला सांगत होतों. चूक तशीच राहिली, तर पुलीचा बारीक स्क्रू ढिला असावा, पट्टा सैल असावा किंवा ड्रायव्हर तापून मधूनमधून थांबत असावा. दोन आण्यांचा स्क्रू आवळावयाचा सोडून हजारों रुपयांची नवी पाटी मागविल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

या सर्व परीक्षांना एकच नियम लागू आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल बदलली, सॉफ्टवेअर बदललें, वेगहि कमी केला, आणि यंत्र चालूं लागलें. तर आपण कांहींच शिकलों नाहीं. यंत्र आज चाललें तरी उद्यां पुन्हां अडेल, आणि आपलें अज्ञान कालच्या इतकेंच राहील.

आतां न्यायाची दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. सॉफ्टवेअर सर्वदा निर्दोष असतें असें माझें म्हणणें नाहीं. नित्याच्या उपयोगाचा संगणक एकाच वेळीं अनेक धन्यांची चाकरी करितो. सेकंदास १०,००० ठोके द्यावयाचे तर दोन ठोक्यांमध्यें अवघे १०० मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यांत संगणकाचें लक्ष दुसरीकडे गेलें तर ठोका उशिरा पडतो आणि मोटर कांपते. म्हणूनच लिनक्स-सी. एन. सी. मध्यें ही दिरंगाई मोजण्याची परीक्षा मुद्दाम ठेविली आहे. माक-थ्री ही जुनी प्रणाली पॅरलल पोर्टच्या मार्गानें ३२ बिटांच्या विंडोजवरच चालते. ती ६४ बिटांच्या संगणकावर त्या मार्गानें चालविण्याचा हट्ट धरणें व्यर्थ आहे. संगणकास वीज वांचविण्यासाठीं झोंप घेण्याची किंवा यू. एस. बी. ची वीज तोडण्याची मुभा असेल, तर तो ऐन कामांत डोळा मिटील; ती मुभा काढून घ्यावी. एवंच, दोष सॉफ्टवेअरचा असूं शकतो. परंतु तो सिद्ध करावा लागतो. न्यायालयांत आरोपीस पुराव्यावांचून शिक्षा देत नाहींत. यंत्राच्या बाबतींत तरी आपण निराळा कायदा कां लावावा?

एका विषयांत मात्र कोणतीहि सवलत नको. ज्या यंत्राची चाल अद्याप बेभरंवशाची आहे, तें यंत्र शोध चालूं असतां केव्हां उसळेल याचा नेम नसतो. मिनिटास हजारों फेरे घेणारें हत्यार लांकूड व बोट यांत भेद करीत नाहीं. म्हणून यंत्र तत्काळ थांबविण्याचें मोठें तांबडें बटण मोटरीची व स्पिंडलची वीजच तोडील असें असावें. पडद्यावरच्या बटणावर विसंबूं नये. कारण ज्या सॉफ्टवेअरचा आपल्यास संशय आहे, त्याच्याच हातीं आपला जीव देणें शहाणपणाचें नाहीं. डोळ्यांस चष्मा हवा, बाह्या आंवळलेल्या हव्या, केंस बांधलेले हवे, आणि चालतें यंत्र सोडून कोणीं जेवावयास जाऊं नये. पालकांनीं इतर कांहीं पाहिलें नाहीं तरी हें अवश्य पाहावें.

पालकांचा एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो अवास्तव नाहीं. “दहावीचें वर्ष जवळ आलें, मुलगा संध्याकाळभर तारा उपसून बसतो, यांतून गुण किती मिळणार?” वेळेला मर्यादा असावी, हें कोणीहि मान्य करील. आठवड्यांतील एक दुपार ठरवून द्यावी आणि ती संपतांच यंत्र झांकून ठेवावें. परंतु त्या दुपारीं मुलगा जें करितो तें खेळणें नव्हे. अनुमान करणें, तें ताडून पाहणें, चुकीचें ठरल्यास तें सोडून देणें, आणि जें पाहिलें तें जसेंच्या तसें लिहिणें, हें शास्त्राचें सार आहे. पुस्तकांतील प्रयोगाचें उत्तर आधींच छापलेलें असतें. अडलेल्या यंत्राचें उत्तर कोठेंहि छापलेलें नसतें. शिवाय आपल्या औद्योगिक वसाहतींत यंत्र चालविणारे हात आहेत. यंत्र कां अडलें हें सांगणाऱ्या माणसाची वाट मात्र अडलेलें यंत्र व त्याचा मालक दोघेहि पाहत असतात. मुलींविषयींहि हेंच म्हणावयाचें आहे. तपासास मनगटाचें बळ लागत नाहीं. चित्ताची स्थिरता लागते. तरीहि घरांतील यंत्रास हात लावण्याची पहिली परवानगी मुलालाच मिळते, ही रीत आतां मोडली पाहिजे.

शाळांविषयीं एक स्पष्ट सूचना करितों. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेखालीं देशांतील निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळूं लागलें, आणि अनेक शाळांत त्रिमितीय मुद्रणाचीं व तत्सम यंत्रें आलीं. यंत्रें आलीं ही गोष्ट चांगली. परंतु विज्ञान-प्रदर्शनांत आपण अजून काय पाहतों? टेबलावर चकचकीत वस्तु, मागें रंगीत तक्ता, आणि परीक्षक येतील तेवढा वेळ यंत्र चालावें अशी मनांतली प्रार्थना. यंत्र त्याच घटकेस अडलें तर त्या विद्यार्थ्याचें वर्ष फुकट जातें. ज्याचें यंत्र विकत आणून नुसतें मांडलेलें, त्यास बक्षीस. आणि ज्यानें दहा दोष शोधून अकराव्यापाशीं हात टेकले, त्यास उत्तेजनार्थसुद्धां कांहीं नाहीं. हा अन्याय आहे, आणि तो मुलांस एक वाईट धडा शिकवितो: बिघाड लपवावा.

यासाठीं प्रत्येक यंत्राबरोबर एक दोषवही ठेवण्याची चाल पडावी आणि प्रदर्शनांतील निम्मे गुण तिला असावे. वहींत पांच रकाने पुरेत: तारीख, काय दिसलें, कारण काय वाटलें, कोणती एकच गोष्ट बदलली, परिणाम काय झाला. चौथ्या रकान्यांत दोन गोष्टी लिहिल्या असतील तर शिक्षकांनीं ती नोंद परत करावी. पांचव्या रकान्यांत “कांहीं फरक नाहीं” असें लिहिलेलें आढळलें तर त्यास पूर्ण गुण द्यावे. कारण तें खरें लिहिण्यास यशाची बातमी लिहिण्यापेक्षां अधिक धैर्य लागतें. वर्षअखेरीस या वह्या ग्रंथालयांत ठेवाव्या. पुढच्या वर्षीं ज्याचें यंत्र अडेल, त्यानें आधीं त्या उघडाव्या. अशा दहा वर्षांच्या वह्या एखाद्या शाळेंत जमल्या तर तिच्याजवळ बाजारांत विकत न मिळणारें धन जमलें असें मी समजेन.

चर्चिल यांचा माग असो कीं आजचें टेबलावरील यंत्र असो, कोणतेंहि यंत्र पहिल्या दिवशीं नीट चालत नाहीं. तें चालूं लागतें तें कोणीतरी त्याच्याजवळ बसून, न रागावतां, एकेक जोड तपासून पाहिला म्हणून. विद्यार्थीमित्रांनो, तुमचें यंत्र येत्या सुट्टींत पुन्हां अडेल. तेव्हां बाजाराकडे किंवा नव्या सॉफ्टवेअरकडे धांव घेण्यापूर्वीं वही उघडा, तारीख घाला, आणि जें दिसलें तेवढेंच लिहा.